गावच्या फुटबॉल संघाची जर्सी: छातीवरच्या नावाचा भाव कसा ठरवावा

तालुक्याच्या बाजारातले एखादे कृषी केंद्र, जिनिंगवाला किंवा पतसंस्था "यंदा पोरांच्या जर्सी आमच्याकडून" असे म्हणते, तेव्हा बहुतेक मंडळे आकडा ऐकूनच मान डोलावतात. ठरलेला आकडा आणि क्लबच्या हाती प्रत्यक्ष उरणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. हे अंतर बोलणी सुरू होण्याआधी मोजले, तरच जर्सीवरच्या जागेचा खरा भाव कळतो.

सुरुवात वर्षाच्या खर्चापासून करावी. समजा, एका गावच्या क्लबला चेंडू, जाळी आणि मैदान आखायची फक्की यांसाठी ९,००० रुपये, स्पर्धांच्या प्रवेश फीसाठी ६,०००, काळी-पिवळीच्या भाड्यासाठी १८,०००, पंचांचे मानधन, चहा-नाश्ता व प्रथमोपचार यांसाठी ५,००० आणि ४०० रुपयांप्रमाणे २० जर्सींसाठी ८,००० रुपये लागतात. एकूण खर्च ४६,००० झाला. वर्गणीचे १२,००० आणि स्वतःच्या स्पर्धेतून उरलेले ९,००० धरले, तर २५,००० रुपये कमी पडतात. अशा वेळी प्रायोजक नेमके २५,००० देऊ करतो आणि सगळ्यांना वाटते, झाले काम. पण त्याला स्वतःच्या कामगारांसाठी आणखी १० जर्सी हव्या असतात, म्हणजे ४,००० गेले. मैदानावर दोन फ्लेक्स लावायचे, ३,००० गेले. अंतिम सामन्याला मंचावर शाल-श्रीफळ व सन्मानचिन्ह द्यायचे, २,००० गेले. हाती उरले १६,०००, आणि तूट ९,००० रुपयांची. म्हणून एकतर ३४,००० मागावेत किंवा जादा जर्सी, फ्लेक्स आणि सत्कार यांचा खर्च प्रायोजकाने वेगळा उचलावा, असे आधीच ठरवावे.

मोठ्या क्लबांचे हिशेबही याच अंगाने वाचावे लागतात. त्यांचे उत्पन्न साधारणपणे सामन्याच्या दिवसाची तिकीटविक्री, प्रक्षेपणाचे हक्क आणि व्यापारी करार अशा तीन भागांत मांडतात, आणि जर्सीचे पैसे तिसऱ्या भागात येतात. त्यातही कपडे बनवून विकणारी कंपनी वेगळी आणि छातीवर नाव लावणारी कंपनी वेगळी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१७-१८ पासून बाहीवरची जागाही स्वतंत्रपणे विकता येते. तिथला मँचेस्टर युनायटेड क्लब आणि कपडे बनवणारी आदिदास कंपनी यांचा २०१५-१६ पासूनचा दहा वर्षांचा करार ७५ कोटी पौंडांचा म्हणून गाजला, परंतु संघ सलग दोन हंगाम चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, खेळला नाही, तर त्या वर्षाची रक्कम ३० टक्क्यांपर्यंत कापण्याची अटही त्यात होती. बातमीत आकडा मथळ्यात आला आणि अट खाली कुठेतरी. आपल्याकडेही "उपांत्य फेरी गाठली तर उरलेले देऊ" असे कोणी म्हणाले, तर ती उरलेली रक्कम अंदाजपत्रकात धरूच नये.

आता प्रायोजकाच्या बाजूने भाव काढावा. त्याच्यासमोर दुसरे पर्याय असतात: बसस्थानकाजवळ फ्लेक्स लावणे, रस्त्याकडेच्या घरांच्या भिंती रंगवून घेणे, बाजाराच्या दिवशी भोंगा लावून ऑटो फिरवणे. या तिन्हींचा चालू भाव तालुक्यात विचारून घ्यावा, कारण दुकानदार मनातल्या मनात जर्सीची तुलना त्यांच्याशीच करत असतो. मग स्वतःच्या सामन्यांना किती माणसे येतात, ते मध्यंतराला मोजावे. दोघांनी मैदानाच्या दोन बाजूंनी मोजले की अंदाज बराच नीट लागतो. मात्र नुसती गर्दी सांगून भागत नाही. बियाणे विकणाऱ्याला आसपासच्या दहा-पंधरा गावांतला शेतकरी हवा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या शंभर पोरांचा त्याला काही उपयोग नाही, उलट कपडे किंवा मोबाईल विकणाऱ्याला तीच पोरे हवी असतात. एकच संघ दोन दुकानदारांना वेगवेगळ्या मोलाचा असतो, हे ध्यानात घेऊन कोणाकडे जायचे ते ठरवावे. "आमच्या धंद्यातला दुसरा कोणी मैदानावर दिसता कामा नये" अशी अट असेल, तर तिचे पैसे वेगळे मागावेत, कारण त्या अटीमुळे आपण दुसरे गिऱ्हाईक सोडत असतो.

रोख रकमेऐवजी वस्तू मिळणार असतील, तर त्या आपण ज्या भावाने विकत घेतल्या असत्या त्याच भावाने वहीत लिहाव्यात. ८,००० रुपयांत होणाऱ्या जर्सींवर १२,००० ची छापील किंमत सांगून कोणी उपकाराची भाषा केली, तरी जमेला ८,०००च धरावेत.

छातीवर एक आणि पाठीवर क्रमांकाच्या वर एक, अशी दोनच नावे ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सात-आठ जणांकडून दोन-दोन हजार घेऊन जर्सीची लग्नपत्रिका केली, तर कोणाचेच नाव वाचता येत नाही आणि पुढच्या वर्षी एकही जण परत येत नाही. जागा रिकामी ठेवण्यालाही किंमत असते. स्पेनच्या बार्सिलोना क्लबने अनेक दशके छातीवर कोणाचेही व्यापारी नाव घेतले नाही. २००६ साली युनिसेफ या मुलांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे नाव लावले, तेव्हाही पैसे घेण्याऐवजी वर्षाला १५ लाख युरो स्वतःच दिले. छातीवर पैसे देणारा प्रायोजक आला तो २०११-१२ च्या हंगामात, आणि तो मोठ्या रकमेला आला.

काही नावे मात्र कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नयेत. खर्रा, गुटखा, तंबाखू यांचा इथे पैसा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण तंबाखूजन्य पदार्थांची जाहिरात व प्रायोजकत्व यांवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंदी आहे. नेत्याचा फोटोही नको. फुटबॉलच्या नियमावलीतील चौथा नियम खेळाडूंच्या पोशाखावर राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक घोषणा व चित्रे चालू देत नाही, आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे वारे सुरू झाले की तशा जर्सीचा संघ एका गटाचा म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या गटाची वर्गणी मग बंद होते.

पैसा कधी येतो, याला विदर्भात फार महत्त्व आहे. कृषी केंद्राची विक्री जूनच्या पेरणीला होते, बरीचशी उधारीवर, आणि उधारी वसूल होते ती सोयाबीन-कापूस विकला गेल्यावर. स्पर्धांचा हंगाम आणि दुकानदाराच्या हाती पैसा येण्याचा काळ हिवाळ्यात जवळजवळ एकत्र येतात, ही आपली सोय आहे. परंतु कापसाचे भाव पडले किंवा परतीच्या पावसाने सोयाबीन भिजले, की पहिली कात्री जाहिरातीला लागते. म्हणून अर्धी रक्कम करार होताच आणि उरलेली जर्सी छपाईला टाकण्याआधी घ्यावी, तीही क्लबच्या बँक खात्यात. कर्णधाराच्या मोबाईलवर आलेल्या पैशाचा हिशेब पुढे भांडणाचे कारण होतो. प्रायोजक अर्ध्यावर गेला तर काय, हेही लिहून ठेवावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि तसे खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनला भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून उतरावे लागले. पुढच्याच महिन्यात संघ आशिया चषक प्रायोजकाचे नाव नसलेल्या जर्सीने खेळला. एवढ्या मोठ्या संघावर ही वेळ येते, तर एकाच प्रायोजकावर वर्षभराचे गाडीभाडे सोडणे आपल्याला परवडणारे नाही.

बाहेरून मानधनावर आणलेले खेळाडू ही गावच्या क्लबची सर्वांत मोठी गळती असते. युरोपच्या स्पर्धांत २०२५-२६ पासून खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवावा लागतो. गावाने याहून बरीच खालची मर्यादा घालावी आणि जर्सीच्या पैशाला त्यासाठी हात लावू नये.

कागदपत्रांत देणगी आणि जाहिरात यांची गल्लत करू नये. छातीवर नाव लावून घेतलेली रक्कम जाहिरातीची असते. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी ची म्हणून ओळखली जाणारी पावती तिच्यासाठी देता येत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या कोळसा, सिमेंट किंवा वीज कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून पैसे मिळवण्यासाठी, अर्ज करायचा असेल, तर तो जर्सीसाठी करू नये. ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण सीएसआरमध्ये बसते, पण स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व नियमानुसार त्यात धरले जात नाही. मुलांच्या सरावशिबिरासाठी स्वतंत्र प्रस्ताव द्यावा, आणि त्याआधी संस्थेची नोंदणी व लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवावेत.

हंगाम संपला की प्रायोजकासाठी एक पान तयार करावे: किती सामने झाले, कोणत्या गावांत झाले, मध्यंतराला किती माणसे मोजली, आणि नाव स्पष्ट दिसेल असे दोन-तीन फोटो. सालगड्याचे वर्ष पाडव्याला ठरते, त्याच सुमारास हे पान दुकानात नेऊन पुढच्या वर्षाचा विषय काढावा. मे महिना लागला, की दुकानदार बियाण्यांच्या पोत्यांत बुडालेला असतो आणि "पेरणीनंतर या" एवढेच उत्तर मिळते.