कोल्हापूरहून सोम नदीच्या काठी: मुलांसह सायकल आणि तंबूची सुटी

उत्तर फ्रान्समध्ये मुलांना घेऊन पहिल्यांदाच सायकलवर फिरणार असाल तर सोम नदीचा काठ धरा. समुद्राजवळच्या सँ-व्हालरी-स्यूर-सोम या गावापासून आमियाँ शहरापर्यंत साधारण ६५ ते ७० किलोमीटरची वाट आहे, बहुतेक सगळी पाण्याच्या कडेने. नावा ओढण्यासाठी केलेली ही वाट असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. पन्हाळ्याच्या चढाला दमणारं पोरगंही इथे आनंदाने सायकल हाणतं. नॉर्मंडीचा किनारा जास्त प्रसिद्ध आहे, पण तिथे कड्यांमुळे रस्ता सारखा खाली-वर होतो आणि सामान लादलेल्या सायकलीवर मुलं दुसऱ्याच दिवशी रडकुंडीला येतात.

दिशा समुद्राकडून आमियाँकडे ठेवा. नदी समुद्राकडे वाहते म्हणून उलटी दिशा सोपी असेल असं वाटतं, पण तो उतार पायांना कळतसुद्धा नाही. वारा मात्र कळतो, आणि या भागात तो बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. तो पाठीशी असला तर मुलं ताशी १२ किलोमीटरने मजेत जातात. तोंडावर आला तर आठही होत नाहीत.

आपल्याकडच्या शाळांची सुटी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. त्यातला १५ मेनंतरचा काळ घ्या. दिवस मोठा असतो, साडेनऊपर्यंत उजेड, आणि जुलै-ऑगस्टची फ्रेंच सुट्ट्यांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. रात्री मात्र पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो, हे सामान भरताना विसरू नका. मे महिन्यात तिथे सुट्ट्याही खूप: १ आणि ८ तारीख ठरलेली, शिवाय ईस्टरनुसार बदलणारा असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार. त्या दिवशी छोट्या गावातली दुकानं बंद असतात, म्हणून तारखा कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फेब्रुवारीतच करा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळत नाही. फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या या शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः यावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. तंबूवाल्यांची गाडी अडते ती मुक्कामाच्या पुराव्यावर: ‘वाटेत मिळेल तिथे राहू’ चालत नाही. प्रत्येक रात्रीचं कँपिंगचं आरक्षण, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे आणि सलग तारखा. एका रात्रीची जरी फट राहिली तरी प्रश्न येतो.

सरावासाठी जानेवारी-फेब्रुवारीतले रविवार ठेवा. आधी रंकाळ्याभोवती रिकाम्या सायकलीने, मग सामान लादून, आणि शेवटी पहाटे निघून नृसिंहवाडीच्या दिशेने सपाट रस्त्यावर २५ किलोमीटर. इथे चढ कितीही मारले तरी उपयोग थोडा. लादलेली सायकल थांबवणं, वळवणं आणि तासाभराने पुन्हा सीटवर बसणं, याची सवय हवी. तंबू एकदा गच्चीवर रात्रभर लावून सगळ्यांनी त्यात झोपून बघा.

सायकली इथून नेऊ नका. पॅरिसच्या विमानतळावरून आरईआर बी लोकलने गार द्यु नोर स्टेशन, तिथून आमियाँ सव्वा ते दीड तास. उतरल्या दिवशी सायकल चालवायची नाही. घड्याळ साडेतीन तास मागे गेलेलं असतं आणि मुलं संध्याकाळी सातलाच झोपतात. सायकली आमियाँमध्ये भाड्याने घ्या आणि टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाडीने त्यांच्यासह आबव्हीलमार्गे न्वायेल-स्यूर-मेरला जा. सँ-व्हालरीला ही गाडी जात नाही, तिथल्या स्टेशनवर फक्त पर्यटकांची वाफेची गाडी येते. न्वायेलहून उरलेले ६-७ किलोमीटर सायकलनेच जायचं. टीईआरमध्ये सायकलीच्या जागा मोजक्या असतात, म्हणून चार सायकली असतील तर सकाळ-संध्याकाळची नोकरदारांची वेळ टाळा.

सायकलसाठी प्रत्येकाची उंची सेंटिमीटरमध्ये आधी कळवा. ताब्यात घेताना ब्रेक दाबून बघा: तिथे बहुधा डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. घरच्या सायकलीला उजवा पुढचा असेल तर घाईत मूल नेमका नको तो दाबतं आणि तोंडावर पडतं. दुकानासमोरच दहा मिनिटं थांबायचा सराव करून घ्या. ट्यूबचा व्हॉल्व बारीक आहे की जाड, ते बघून त्याच जातीच्या दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे चमचे आणि ४ व ५ मिलिमीटरची ॲलन की जवळ ठेवा.

सामान मोठ्यांच्या सायकलीवर १२ ते १५ किलो, मुलांच्या सायकलीवर ३ किलोपेक्षा जास्त नको. जड वस्तू पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांच्या, तळाशी आणि चाकाच्या आसाकडे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. सगळं मागे आणि वर बांधलं की हँडल वळवळायला लागतं. यापेक्षा जास्त सहली बिघडवतो तो कॅरिअरचा स्क्रू. कच्च्या वाटेवरच्या थरथरीने तो रोज थोडा थोडा सैल होतो, आवाज करत नाही, आणि एक दिवस पडून जातो. मग कॅरिअर एका बाजूला कलतं आणि पॅनिअरचा हूक स्पोकमध्ये अडकतो. रोज सकाळी निघण्यापूर्वी चारही स्क्रू ॲलन कीने तपासा. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे द्या, ती मुलं ते मन लावून करतात.

तंबू दोन थरांचा घ्या. नदीकाठी पहाटे दव भरपूर पडतं आणि एकेरी कापडाच्या तंबूत आतून पाणी ठिबकतं. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ हेच खरं धरायचं, आणि ते ५ अंशांच्या आसपास असावं. खालचं ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जेमतेम जीव तगण्याचं तापमान. थंडी वरून येते त्यापेक्षा जास्त जमिनीतून येते, म्हणून चांगल्या मॅटवर पैसे खर्च करा. गोधडी घरीच राहू दे, भिजली की वाळत नाही.

गॅसचं डबडं विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. तिथे पोचून घ्यायचं. आपल्याकडे मिळणारी शेगडी बहुधा आट्यांची असते, आणि फ्रान्सच्या किराणा दुकानांत कँपिंगाझ कंपनीची, खटक्याने बसणारी किंवा भोक पाडून लावायची डबडी जास्त दिसतात. ती एकमेकांना बसत नाहीत. आट्यांची डबडी डेकॅथलॉनसारख्या दुकानात मिळतात, म्हणून ती आमियाँतच घ्या. ४५० ग्रॅमचं डबडं चौघांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारण चार दिवस पुरतं. तंबूच्या आत शेगडी पेटवू नका. विषारी वायू कळायच्या आत भोवतो.

इथून कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅम, हळद, हिंग, जिरं न्या. तूप, पेढे, खव्याचं काही, मांसाचं काही नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि आंबेही नकोत. तांदूळ तिथे मिळतोच, आणि ‘लाँतीय कोराय’ नावाने मिळते ती आपली मसूर डाळ. ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम डाळ, तीन लिटरचं पातेलं, वर मसाला: चौघांची खिचडी २५ मिनिटांत होते. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारीही दुकानं बंद असतात, एरवीही दुपारी बारा ते दोन. तेव्हा दोन वेळचा शिधा कायम जवळ ठेवा.

मुक्कामाला नगरपालिकेची कँपिंग स्वस्त आणि स्वच्छ असतात. स्वागतकक्ष दुपारी बंद असतो, म्हणून चारच्या सुमारास पोचा. टॉयलेट पेपर आपला न्या. पोहण्याचा तलाव असेल तर मुलांना घट्ट चड्डीच लागते, ढगळ बर्म्युडा चालत नाही. चार्जिंगला दोन गोल पिनांचा प्लग बसतो, आपला तीन पिनांचा नाही.

रस्त्यावर उजव्या बाजूने. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं. कानात इअरफोन चालत नाही. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क, हे मुलांना आधी समजावून सांगा.

दिवसाला २० किलोमीटर पुरे. पहिला दिवस खाडीवरच घालवा: ल उर्देलला सील हे समुद्री प्राणी दिसतात. मात्र ओहोटीच्या वाळूत वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका. भरती मागून वळसा घालून येते आणि परतीची वाट तुटते. मग आबव्हील, लाँ, पिकिन्यी असे मुक्काम करत आमियाँ. तिथे लेखक ज्यूल व्हर्नचं घर मुलांना दाखवा आणि नावेतून पाण्यातले मळे बघा.

आणखी तीन-चार दिवस असतील तर तोच काठ पुढे पेरॉनपर्यंत जातो. या सोमच्या रणभूमीवर १४ जुलै १९१६ ला डेक्कन हॉर्स या भारतीय पलटणीचे घोडेस्वार लढले, आणि पेरॉनजवळच्या ला शापलेत दफनभूमीत पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत. तिथे अवश्य थांबा. अशा दफनभूमीत नावांची वही दाराजवळच्या छोट्या कपाटात असते. मुलांना ती वाचू द्या, आणि निघताना कपाटाचं दार नीट लावा, नाहीतर पाऊस आत जातो.