लाय डिटेक्टरच्या क्षेत्रात यायचंय म्हणणाऱ्यांसाठी

फॉरेन्सिक सायकॉलॉजीला नवीन ॲडमिशन घेतलेली मुलंमुली भेटली की दोन प्रश्न ठरलेले असतात, ते मशीन खोटं पकडतं कसं आणि यात करिअर आहे का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे म्हणून आधी पहिलंच घेते. मशीन खोटं पकडत नाही. मी पॉलिग्राफ, म्हणजे हेच लाय डिटेक्टर मशीन, शिकले, टेस्ट घेतल्या, ते काढतं त्या रेषांचे भरपूर चार्ट वाचले आणि आता माझं मत पक्कं आहे की यंत्र जे मोजतं ते व्यवस्थित मोजतं, पण त्यावरून लोक जे निष्कर्ष काढतात ते बऱ्याचदा यंत्राच्या कुवतीबाहेरचे असतात. हे ज्याला पहिल्या वर्षात कळलं त्याचं पुढचं सगळं शिक्षण सोपं होतं.

तर यंत्र काय मोजतं ते बघा. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, त्यातून श्वास कळतो. दंडाला बीपी मोजतात तसला कफ, त्यातून रक्तदाब आणि ठोके. दोन बोटांना सेन्सर, ते त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता, म्हणजे स्किन कंडक्टन्स, मोजतात, कारण ताण आला की घामाच्या ग्रंथी चालू होतात आणि तळहात-बोटांमधून वीज जरा सहज वाहते. हल्ली खुर्चीच्या सीटवर पण सेन्सर असतो, कुणी हळूच पाय आवळले तर कळावं म्हणून. बास, एवढंच. शरीर खवळलंय का ते कळतं, पण कशाने खवळलंय ते कळत नाही, भीती, राग, लाज, नुसतं दचकणं, सगळ्याची रेषा सारखीच दिसते. फक्त खोटं बोलतानाच उमटते आणि खरं बोलताना कधीच उमटत नाही अशी शरीरातली एकही खूण आजवर कुणाला सापडलेली नाही.

चार्ट वाचायला शिकणं हा मला या विषयातला सगळ्यात आवडलेला भाग. प्रश्न संपतो, समोरचा "नाही" म्हणतो, आणि एक ते तीन सेकंदांत स्किन कंडक्टन्सची रेषा वर चढायला लागते, टोक गाठते, मग सावकाश खाली येते. त्याच वेळी श्वासाच्या लाटा उथळ होतात, एखादा तर श्वास जवळजवळ धरूनच ठेवतो आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पण बाहेर दार आपटलं, माणूस खोकला, त्याने मोठा उसासा टाकला, तरी रेषा उसळते. म्हणून दोन प्रश्नांच्या मध्ये साधारण २५ सेकंद जाऊ देतात, रेषा पूर्ववत व्हायला हवी ना, आणि प्रत्येक खोकल्याची, हालचालीची नोंद चार्टवर त्याच क्षणी करायची असते, नंतर आठवून नाही. कफ फुगवून जास्त वेळ ठेवला तर हाताला मुंग्या येतात, त्यामुळे एक चार्ट काही मिनिटांचाच, मग विश्रांती, मग तेच प्रश्न परत, असं निदान तीनदा तरी.

आता खरी गोम प्रश्नांमध्ये आहे. नुसतं "पैसे तू घेतलेस का" विचारून रेषा उसळली तर काही सिद्ध होत नाही, असा प्रश्न ऐकून कुणाचीही उसळेल. म्हणून तुलनेचे प्रश्न घालतात. मुद्द्याचा प्रश्न एक, आणि शेजारी मुद्दाम मोघम ठेवलेला दुसरा, उदाहरणार्थ "या प्रकरणाच्या आधी कधी तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्याला फसवलंय का?" यामागचा तर्क असा की निर्दोष माणसाला या मोघम प्रश्नाची जास्त धास्ती वाटेल, कारण तिथे आपण शंभर टक्के खरं बोलतोय का याची त्यालाच खात्री नसते, आणि दोषी माणसाचा सगळा जीव मुद्द्याच्या प्रश्नात अडकलेला असेल. मग दोन्हींच्या प्रतिक्रियांची तुलना करून उणे तीन ते अधिक तीन असे गुण देतात आणि बेरीज करतात. तुलनेच्या प्रश्नांची ही पद्धत अमेरिकन पॉलिग्राफ तज्ज्ञ जॉन रीडने १९४७ मध्ये मांडली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालते.

तर्क ऐकायला छान आहे, पण माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. आम्ही लॅबमध्ये सराव टेस्ट घ्यायचो, काही जणांनी ड्रॉवरमधलं पाकीट उचलायचं, काही जणांनी उचलायचं नाही, टेस्ट घेणाऱ्याला कोण कुठला ते माहीत नाही. एका मुलीने पाकिटाला हातही लावलेला नव्हता आणि "पाकीट तू घेतलंस का" म्हटलं की दर वेळी तिची घामाची रेषा सरळ वर, मोघम प्रश्नाला मात्र अगदी शांत. नंतर गप्पा मारताना ती म्हणाली, "मला आपल्यावर कुणी आळ घेतंय हेच सहन होत नाही, सरावात पण नाही." गुणांप्रमाणे ती दोषी ठरत होती. हे तर लॅबमधलं लुटूपुटूचं, खऱ्या केसमध्ये ज्याची नोकरी किंवा सुटका पणाला लागलीये त्या निर्दोष माणसाला मुद्द्याचा प्रश्न जास्त का टोचणार नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणाकडून मिळालेलं नाही.

इतिहास थोडक्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टनने पहिल्या महायुद्धाच्या काळात रक्तदाबावरून खोटं ओळखायचा प्रयत्न केला, १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या पोलिस खात्यातल्या जॉन लार्सनने रक्तदाब आणि श्वास एकत्र सलग नोंदवणारं यंत्र बनवलं, लिओनार्ड कीलरने त्यात त्वचेचं मापन आणून ते सगळीकडे नेलं. आणि १९२३ मध्येच अमेरिकेतल्या फ्राय खटल्यात कोर्टाने मार्स्टनची टेस्ट पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. म्हणजे विश्वासार्हतेचा वाद यंत्राइतकाच जुना आहे.

मग भरवसा ठेवायचा किती? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये तोवरचं सगळं संशोधन चाळून रिपोर्ट दिला, तो या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावाच. एखादी ठरावीक घटना घडलीये आणि त्याबद्दल विचारताय, तर टेस्ट नाणेफेकीपेक्षा बरीच बरी, पण अचूकतेपासून बरीच लांब, असा त्यांचा निष्कर्ष. पण काहीच घडलेलं नसताना सगळ्या कर्मचाऱ्यांची सरसकट तपासणी करायला बसलात तर गणितच बिघडतं. त्यांचंच उदाहरण घ्या, १०,००० कर्मचारी, त्यात १० हेर, आणि टेस्ट बऱ्यापैकी चांगली आहे असं धरून ती ८० टक्के हेर पकडेल अशी लावली. ८ हेर सापडतात, पण त्यांच्यासोबत जवळपास १,६०० निर्दोष लोकही नापास होतात आणि २ हेर पास होऊन निघून जातात. निर्दोष लोक वाचावेत म्हणून चाळणी सैल केली तर १० पैकी ८ हेर सुटतात. हे गणित कागदावर स्वतः करून बघा, एकदा हाताने केलं की "९० टक्के अचूक" असल्या वाक्यांना तुम्ही परत कधी भुलणार नाही.

आणि हे कागदावरच राहिलेलं नाही. सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएतना माहिती विकत होता आणि त्याच काळात १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलिग्राफ टेस्ट पास झाला. अमेरिकेतला सिरियल किलर गॅरी रिजवे १९८४ मध्ये टेस्ट पास झाला म्हणून त्याच्यावरचा संशय हलका झाला, आणि पुढे २००१ मध्ये डीएनएमुळे अटक झाल्यावर त्याने डझनावारी खुनांची कबुली दिली. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना नोकरीसाठी ही टेस्ट घ्यायला बंदी आहे, आणि भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय कुणावरही ही टेस्ट लादता येणार नाही.

सगळंच टाकाऊ आहे का, तर नाही, आणि नवीन मुलांनी जिथे डोकं लावावं असं मला मनापासून वाटतं ती जागा म्हणजे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेनने १९५९ मध्ये मांडलेली दडवलेल्या माहितीची टेस्ट. यात खोटं बोलतोस का हे विचारतच नाहीत. फक्त गुन्हेगारालाच माहीत असेल असा तपशील घ्यायचा, समजा पाकीट कुठे ठेवलं होतं, आणि पाच सारखेच वाटणारे पर्याय एकेक करून वाचायचे. निर्दोष माणसाला पाचही सारखेच, योगायोगाने खऱ्या पर्यायावर त्याची सगळ्यात मोठी प्रतिक्रिया यायची शक्यता पाचात एक. असे पाच वेगवेगळे तपशील घेतले तर पाचही वेळा तसंच होण्याची शक्यता ३,१२५ मध्ये एक. घाबरट माणूस इथे घाबरून अडकत नाही, कारण तो सगळ्याच पर्यायांना सारखाच घाबरतो. जपानचे पोलिस हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. अडचण अशी की तपशील बातम्यांमधून बाहेर आला किंवा चौकशीत कुणी बोलून गेलं की टेस्ट संपली, आणि गुन्हेगाराच्या तो लक्षातच राहिला नसेल तरी उपयोग नाही. प्रश्न तयार करायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, पर्याय इतके सारखे हवेत की बाहेरच्या माणसाला कुठलाही वेगळा वाटू नये, म्हणून आधी ते केसशी संबंध नसलेल्या लोकांना दाखवून बघायचे.

अभ्यासाचं म्हणाल तर स्टॅटिस्टिक्स टाळून या क्षेत्रात येऊ नका, नाही आवडलं तरी करा. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम, म्हणजे ठोके, श्वास, घाम आपोआप चालवणारी मज्जासंस्था, नीट शिका, हृदयाची औषधं, दमा, रात्रभराचं जागरण यांनी चार्ट कसे बदलतात ते माहीत पाहिजे. मुलाखत कशी घ्यायची ते वेगळं शिका, आणि खोटी कबुली का दिली जाते यावरचं संशोधन तर नक्कीच वाचा, कारण थकलेल्या माणसाला "मशीन सांगतंय तू खोटं बोलतोयस" म्हटलं की न केलेलं पण कबूल करणारे असतात, आणि ते ऐकणारे तुम्ही असणार. एकदा तरी स्वतः त्या खुर्चीत बसा, कफ लावून घ्या, पूर्ण टेस्ट द्या. आणि नुसती पॉलिग्राफवर भिस्त ठेवू नका, शरीराचे सिग्नल मोजायचं हेच कौशल्य झोपेच्या लॅबमध्ये, बायोफीडबॅकमध्ये (स्वतःचे सिग्नल बघून शरीर काबूत ठेवायला शिकणं), संशोधनात सगळीकडे लागतं.

कोर्स निवडताना तिथल्या शिक्षकांना तीन गोष्टी विचारा. निकाल लागत नाही असं लिहायची मुभा आहे का, चार्टला दुसरा माणूस केस न वाचता गुण देतो का, आणि निर्दोष माणूस नापास होण्याचं प्रमाण ते वर्गात शिकवतात का. रिपोर्ट कसा लिहायला लावतात तेही बघा. "या प्रश्नांना तुलनेच्या प्रश्नांपेक्षा जास्त प्रतिक्रिया आढळली" असं लिहायला शिकवत असतील तर खुशाल ॲडमिशन घ्या, "संबंधित व्यक्ती खोटं बोलत आहे" असं लिहायला शिकवत असतील तर दुसरीकडे बघा.