कोलेस्टेरॉल अनपेक्षितपणे जास्त आल्यास कारण कसे शोधावे आणि पुढे काय करावे

ठाणे-नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या अनेक कार्यालयांत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते आणि एक-दोन दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येतो. ज्यांना रक्तदाब नाही, मधुमेह नाही, जे शाकाहारी आहेत आणि सकाळी तलावपाळीला नेमाने फेऱ्या मारतात, त्यांच्याही रिपोर्टमध्ये कधीकधी एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. मग त्याच दिवसापासून घरात तूप बंद होते, नाहीतर लॅबचाच काहीतरी घोळ असेल असे म्हणून कागद खणात जातो. माझ्या मते या दोन्ही गोष्टींत घाई होते. रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले शरीर स्वतःच तयार करते आणि एलडीएलचा निचरा मुख्यतः यकृत करते. त्यामुळे आहार ठीक असूनही आकडा वाढला असेल, तर हा निचरा कशामुळे मंदावला याचा शोध क्रमाने घ्यायला हवा.

पहिली पायरी : रिपोर्ट नीट वाचावा

एकूण कोलेस्टेरॉलच्या एकट्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. समजा, एकूण कोलेस्टेरॉल २६२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४८ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहेत. १६० ला ५ ने भागल्यास ३२ येतात. २६२ मधून ४८ आणि ३२ वजा केले की १८२ उरतात, आणि तेच एलडीएल. अनेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष न मोजता याच सूत्राने काढतात, मात्र ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र लागू पडत नाही. म्हणून एलडीएलसमोर ‘कॅल्क्युलेटेड’ लिहिले आहे की ‘डायरेक्ट’, हे पाहावे. एकूण आकड्यातून फक्त एचडीएल वजा केले तर २१४ येतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि तपासणीआधी जेवलेले असले तरी त्यात फारसा फरक पडत नाही, म्हणून तोही आकडा लिहून ठेवावा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या जास्त जोखमीच्या व्यक्तींसाठी एलडीएलची मर्यादा ७० इतकी खाली येते.

आकड्यात नैसर्गिक चढउतार होतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, तपासणी पुन्हा करावी. आधीचे दोन-तीन दिवस मद्य टाळावे, आणि ट्रायग्लिसराइड्स बरेच जास्त आले असतील तर १२ तास उपाशी राहून रक्त द्यावे. गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढतेच आणि झपाट्याने वजन उतरवताना ते तात्पुरते वाढू शकते. याउलट मोठ्या आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर एलडीएल खाली येते, म्हणून त्या काळातल्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या पुढे असतील, तर फेरतपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. ट्रायग्लिसराइड्स फारच वाढले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी : लपलेला आजार आणि चालू औषधे

लपलेल्या कारणांच्या यादीत मी थायरॉइडला सर्वांत वर ठेवतो, कारण ते सहज सापडते आणि सहज सुटूनही जाते. थायरॉइडचे हार्मोन कमी पडले की यकृताच्या पेशींवरची एलडीएल पकडणारी केंद्रे घटतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणे, इतरांना उकडत असताना आपल्याला थंडी वाजणे या तक्रारी आपण वयावर, लोकलच्या प्रवासावर किंवा दगदगीवर ढकलतो. विशेषतः चाळिशीनंतरच्या स्त्रियांच्या बाबतीत घरचे लोक ‘तुझं आता वय झालं’ म्हणून विषय संपवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यासाठी टीएसएच ही एक साधी रक्ततपासणी पुरते; थायरॉइड कमी पडले की हा आकडा वाढतो. इथे एक काळजी घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो आणि खरा दोष झाकला जातो. म्हणून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला तसे सांगावे. थायरॉइड कमी निघाल्यास आधी त्याचे औषध सुरू होते आणि काही आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही सगळी तपासणी, पुन्हा केले जाते. बऱ्याच जणांचे कोलेस्टेरॉल तेवढ्यानेच खाली येते. शिवाय थायरॉइडकडे दुर्लक्ष करून थेट स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेतल्यास स्नायूंच्या तक्रारींचा धोका वाढतो.

त्याच वेळी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. लघवीला सतत फेस येत असेल आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, तर मूत्रपिंडातून प्रथिने जात असण्याची शक्यता असते, आणि त्या आजारात कोलेस्टेरॉल खूप वाढते. पित्ताचा मार्ग अडला तरी ते वाढते. तेव्हा अंगाला खाज सुटते किंवा डोळे पिवळे दिसतात. रजोनिवृत्तीच्या सुमारासही एलडीएल चढते.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइड्स, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि मनोविकारांवरची काही औषधे रक्तातली चरबी वाढवतात. यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. जिममध्ये कुणी दिलेली शरीर कमावण्याची इंजेक्शने घेतली असतील, तर तेही न लाजता सांगावे. त्यांनी एचडीएल कोसळते आणि एलडीएल वाढते. कीटोसारखा आहार सुरू केला असेल तर त्याचाही उल्लेख करावा, कारण सडपातळ माणसांतही त्याने एलडीएल बरेच वाढू शकते.

तिसरी पायरी : घराण्याची चौकशी

साधारण २५० माणसांत एकाला जन्मतःच एलडीएलचा निचरा नीट न होण्याचा आनुवंशिक दोष असतो. अशी व्यक्ती बारीक, निर्व्यसनी आणि काटेकोर खाणारी असली तरी तिचे एलडीएल लहानपणापासून चढलेले असते. आत्या, काका, मामा यांना फोन करून स्पष्ट विचारावे की कोणाला पुरुष असल्यास ५५ च्या आत किंवा स्त्री असल्यास ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का. ‘अचानक गेले’ एवढ्यावर थांबू नये; कोणत्या वयात आणि कशाने, हे विचारावे. मग पाय सैल सोडून टाचेमागची जाड शीर, म्हणजे घोट्याच्या मागचा स्नायुबंध, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली चाचपावा. तो दोन्ही पायांना जाडजूड किंवा गाठाळ लागला, अथवा पंचेचाळिशीच्या आतच डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरके कडे दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. हा दोष ठरल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी, मूल शाळकरी असले तरी. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्या कणाची तपासणी करून घ्यावी. तो आकडा बहुतांशी आनुवंशिक असतो आणि पथ्याने फारसा हलत नाही.

चौथी पायरी : स्वयंपाकघर आणि औषध

तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ असे छापलेले वाचून निश्चिंत होऊ नये, कारण वनस्पतींपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. पाहायचे असते ते संपृक्त चरबीचे (सॅच्युरेटेड फॅटचे) प्रमाण, आणि ते पामतेल, खोबरेल, लोणी व तुपात जास्त असते. रोजच्या बिस्किटांच्या, खारीच्या आणि फरसाणाच्या पुड्यांवरची घटकांची यादी वाचली तर पामतेल किती ठिकाणी आहे ते कळते, आणि शाकाहारी घरातही आकडा का वाढतो हेही उमगते. वरणावरचे चमचाभर तूप सोडून चहाबरोबरची खारी तशीच चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी मूग, मटकी, वाल, पेरू, ओट्स आणि इसबगोल यांतला विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा, तंतू वाढवावा. चालणे जरूर चालू ठेवावे, मात्र त्याने ट्रायग्लिसराइड्स जितके उतरतात तितके एलडीएल उतरत नाही.

औषध कधी सुरू करायचे, हे वय, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घराण्याचा इतिहास पाहून डॉक्टर ठरवतात; शेजाऱ्याची गोळी आणून घेऊ नये. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते आधीच सांगावे. गोळी सुरू झाल्यावर साधारण ६ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे. स्नायू दुखू लागले तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. आकडा नॉर्मल आला की गोळीचे काम झाले असे समजून पुष्कळ जण ती सोडतात आणि काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पूर्वीच्या जागी येते. म्हणून नॉर्मल रिपोर्ट आला तरी तो घेऊन डॉक्टरांना भेटावे आणि पुढची तपासणी कधी करायची, ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.