घड्याळाचा पट्टा घरी बदलताना: माप, पिन आणि लगची भोकं

मनगटी घड्याळाचा पट्टा बदलणं म्हणजे खरं तर दोन पिना काढून पुन्हा नीट बसवणं. पट्टा कातड्याचा, रबराचा की स्टीलची चेन, हा नंतरचा प्रश्न. पट्टा धडधाकट असूनही घड्याळ हातातून निसटतं, ते पिनेचं टोक भोकात पुरतं शिरलेलं नसतं म्हणून.

या पिनेला स्प्रिंग बार म्हणतात. बारीक पोकळ नळी, तिच्या आत स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना आत दबणारी टोकं, एवढीच तिची रचना. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या डबीच्या, वर आणि खाली जे दोन-दोन कान पुढे आलेले असतात ते लग. लगच्या आतल्या अंगाला पिनेच्या टोकाइतकं भोक असतं. टोक दाबलं की पिन आखूड होते आणि बाहेर येते. सोडलं की भोकात शिरते.

माप

दोन लगमधलं आतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. पट्ट्याचं माप ते हेच. पुरुषांच्या घड्याळांत 18, 20 आणि 22 जास्त दिसतात, छोट्या घड्याळांत 12, 14, 16. पण 19 आणि 21 हीसुद्धा मापं आहेत, आणि साध्या फूटपट्टीने 19 चं 18 किंवा 20 व्हायला वेळ लागत नाही. व्हर्नियर कॅलिपर असेल तर तोच वापरा. जुना पट्टा मोजून अंदाज बांधू नका. वापरलेलं कातडं दबलेलं असतं.

डायलच्या आकारावरून हे माप ओळखता येत नाही. ओमेगाचं 42 मिमीचं स्पीडमास्टर 20 मिमीचा पट्टा घेतं, तर जवळपास तेवढ्याच केसच्या सायको एसकेएक्स 007 ला 22 मिमीचा लागतो. रोलेक्सने 2020 मध्ये सबमरिनरची केस 41 मिमी केली तेव्हा लगमधलं अंतरही 20 वरून 21 वर गेलं. म्हणजे नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबून पट्टा मागवणंही धोक्याचंच.

कातड्याचा किंवा कापडी पट्टा 1 मिमी मोठा असेल तर दाबून बसवता येतो, मात्र त्याच्या कडा चुरगळतात. 1 मिमी लहान असेल तर फटीतून पिन दिसते आणि पट्टा तिच्यावर डावी-उजवीकडे सरकत राहतो. चेनमध्ये ही सूट अजिबात नाही.

पट्ट्यावर 20/18 असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा लगकडचा, दुसरा बकलकडचा. जुनं बकल नव्या पट्ट्याला लावायचं असेल तर हा दुसरा आकडा जुळला पाहिजे. लांबी वेगळी दिलेली असते, उदाहरणार्थ 120/75: भोकांचा तुकडा 120 मिमी, बकलचा 75.

आता पिनेचं माप. लांबी लगमधल्या अंतराएवढी घ्यायची. टोकं त्याहून थोडी बाहेर येतात, ते हिशेबात धरलेलंच असतं. जाडी मात्र बघून घ्यावी लागते. साध्या पिना साधारण 1.5 किंवा 1.8 मिमी जाडीच्या असतात. सायकोच्या बऱ्याच डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या) घड्याळांत 2.5 मिमीच्या जाड पिना येतात, त्यांची टोकंही जाड आणि लगची भोकंही मोठी. अशा घड्याळात नव्या पट्ट्यासोबत आलेली बारीक पिन बसते, पण मोठ्या भोकात तिचं टोक खुळखुळतं. तिथे घड्याळाच्या मूळ पिनाच ठेवा आणि जाड पिन आरपार जाईल असा पट्टा निवडा. बाकी सगळीकडे नव्या पट्ट्याला नव्या पिना. जुन्या पिनेची स्प्रिंग घामाने गंजलेली असू शकते, आणि पिनेवर काटकसर करण्यात काही शहाणपण नाही.

हत्यारं आणि मांडणी

स्प्रिंग बार टूल हे एकच हत्यार खरं गरजेचं. त्याच्या एका टोकाला बारीक दुबेळकं, म्हणजे दोन दातांचा काटा, असतं आणि दुसऱ्या टोकाला सुईसारखी पिन. लग आणि चेन यांच्यातली फट अरुंद असेल तर बारीक दुबेळक्याचं टूल घ्या. जाड दुबेळकं त्या फटीत शिरतच नाही. चाकू, कात्री, पेपर कटर यांनी काम होतं असं वाटतं, पण पातं पिनेच्या कडेला अडकत नाही, घसरतं, आणि लगवर नाही तर बोटावर जातं.

लगच्या मागच्या आणि आतल्या बाजूला मास्किंग टेपचे दोन थर लावा. चेनचं घड्याळ असेल तर टेपशिवाय सुरुवातच करू नका, कारण ओरखडे इथेच पडतात. टेबलावर मऊ कापडाची घडी घालून त्यावर घड्याळ काच खाली करून ठेवा. चावीवर वजन येऊ देऊ नका. ती घडीच्या बाहेर मोकळी राहिली पाहिजे. पिन उडते आणि डोळ्याच्या दिशेनेही उडते, त्यामुळे चष्मा घालावा. पिन हरवण्याची भीती असेल तर हात आणि घड्याळ दोन्ही मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घालून काम करा. बघायला विचित्र दिसतं, पण उडालेली पिन पिशवीतच सापडते.

काढणं

आधी लगच्या बाहेरच्या बाजूला आरपार भोकं आहेत का बघा. असतील तर टूलच्या सुईसारख्या टोकाने बाहेरून पिनेचं टोक आत दाबायचं आणि पट्टा त्या बाजूने थोडा ओढायचा. संपलं काम.

भोकं बाहेरून दिसत नसतील तर घड्याळाच्या मागून जावं लागतं. पट्टा किंचित वाकवा म्हणजे लग आणि पट्ट्याच्या मधली फट दिसेल. त्या फटीत दुबेळकं घाला आणि पिनेवर अलगद घासत न्या. पिनेच्या टोकाजवळ एक बारीक उभी कडा असते, ती दुबेळक्यात अडकल्याचं हाताला कळतं. ती कडा पट्ट्याच्या मध्याकडे ढकला. जेमतेम 1 मिमी सरकली तरी पुरे. तसंच दाबून ठेवून पट्ट्याची ती बाजू लगमधून मागे, म्हणजे तुमच्याकडे, उचला. एक टोक सुटलं की दुसरं आपोआप निघतं. ते निघताना पट्ट्याच्या कडेवर बोट ठेवा.

इथे होणारी चूक म्हणजे उचकटणं. टूल तरफेसारखं वापरलं की दुबेळक्याचं एक टोक मोडतं, पिन वाकते किंवा लगवर चरा उमटतो. जोर कमी पडत नसतो, दिशा चुकलेली असते. कडा आडवी सरकवायची आहे, वर नाही. दुबेळक्याला काहीच अडकत नसेल तर ती पिन बिनकडेचीही असू शकते. तशा पिना आरपार भोकांच्या लगसाठी असतात आणि त्या बाहेरूनच ढकलायच्या.

घाम आणि मीठ साचून पिन जाम झाली असेल तर टूथपिकने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब लगच्या भोकापाशी सोडा आणि काही तास थांबा. कातड्यावर या तेलाचा डाग पडतो, म्हणून जो पट्टा परत वापरायचा आहे त्याच्याशी हा प्रयोग नको. पट्टा टाकूनच द्यायचा असेल तर सरळ पिनेजवळ कापून काढा. उघडी पडलेली पिन बारीक कटरने मधोमध तोडता येते आणि मग दोन्ही तुकडे चिमट्याने आतल्या बाजूला ओढून निघतात. पिन स्वस्तात मिळते, केस नाही.

पट्टा निघाला की लगच्या आतला मळ जुन्या मऊ टूथब्रशने साफ करा. भोकात साचलेला मळ टूथपिकने काढा. भोकात मळ राहिला तर नव्या पिनेचं टोक अर्ध्यावरच थांबतं.

बसवणं

बकलचा आखूड तुकडा 12 च्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा 6 च्या बाजूला. पट्ट्याची आतली बाजू घड्याळाच्या पाठीकडे. घड्याळ उलटं ठेवलेलं असताना यात हमखास गोंधळ होतो, तेव्हा पिन घालण्याआधी एकदा सुलटं करून बघा.

पिन पट्ट्याच्या भोकातून आरपार घाला. एका बाजूचं टोक लगच्या भोकात टेकवा आणि पट्टा त्या बाजूला दाबून धरा, ते टोक सुटता कामा नये. दुसरं टोक दुबेळक्याने आत दाबून लगच्या आतल्या भिंतीवरून खाली सरकवा. भोकाशी आलं की टक् असा बारीक आवाज येतो. आवाज आला म्हणजे पिन बसली असं मात्र नाही. टोक भोकाच्या काठावर टेकलं तरी तसाच आवाज येतो आणि पट्टाही लटकून राहतो. म्हणून पट्टा थोडा डावीकडे-उजवीकडे हलवा; काठावर थांबलेलं टोक अशा वेळी आत घसरतं. मग केस एका हातात घट्ट धरून पट्टा ओढा, पिळा, दोन्ही दिशांना वाकवा. ही परीक्षा मऊ कापडावरच घ्या. आरपार भोकं असतील तर पिनेचं टोक बाहेरून दोन्ही बाजूंना सारखंच आत आलेलं दिसायला हवं.

जाड, फुगीर पट्टा काही घड्याळांत केसला घासतो आणि खाली वळतच नाही. भोकं केसच्या फार जवळ असली की असं होतं. तिथे कमानदार वाकलेली पिन लागते. तिची कमान केसच्या उलट बाजूला ठेवायची. जोर लावून सरळ पिन बसवली तर ती सतत ताणात राहते.

क्विक रिलीज पट्ट्याच्या पिनेला एक छोटी कळ असते. कळ नसलेलं टोक आधी भोकात, मग नखाने कळ मध्याकडे ओढून दुसरं टोक. टूल लागत नाही. कळ मनगटाच्या बाजूला आली पाहिजे, आणि तिच्या खाचेत धाग्याचं टोक किंवा धूळ अडकलेली नको, नाहीतर टोक पूर्ण बाहेर येत नाही. रोज पट्टा बदलणाऱ्याला ही सोय उत्तम. पोहायला किंवा अंगमेहनतीच्या कामाला वापरायच्या घड्याळात मी साधी पिनच निवडेन.

काही जुन्या आणि लष्करी घड्याळांत पिन निघतच नाही. तो लगला कायमचा जोडलेला दांडा असतो. आरपार जाणारा कापडी पट्टा, ज्याला आज नाटो पट्टा म्हणतात, अशा ठिकाणी उपयोगी पडतो. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने 1973 मध्ये ठरवलेल्या नमुन्यातून तो आला. 12 च्या बाजूने वरून आत, केसच्या पाठीमागून, 6 च्या बाजूने बाहेर, असा तो ओवायचा आणि मग खालच्या छोट्या पट्टीच्या कडीतून ओढून घ्यायचा. साध्या घड्याळात दोन्ही पिना आधी रिकाम्याच बसवायच्या. या पट्ट्याचा मोठा फायदा असा की एक पिन निखळली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. तोटा म्हणजे केसखाली कापडाचे दोन थर येतात आणि घड्याळ हातावर उंच बसतं.

रेझिनच्या डिजिटल घड्याळांत पट्टा बऱ्याचदा केसच्या खाचेत बसेल अशा खास आकाराचा असतो. तिथे मिलिमीटरचा उपयोग नाही, मॉडेल क्रमांक बघूनच पट्टा घ्यायचा.

चेन लहान करणं

नवी चेन जवळजवळ नेहमीच सैल येते. आतल्या बाजूला काही कड्यांवर बाण कोरलेले असतात, त्या कड्या काढता येतात. पिना बाणाच्या दिशेने ढकलून काढायच्या आणि बाणाच्या उलट दिशेने परत घालायच्या. पिनेचं एक टोक चिरलेलं असेल तर ते शेवटी आत जातं. कडी प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून पिनेहून बारीक सुळ्याने ढकला. सुळा तिरका धरला की मोडतो.

काही चेनींत, सायकोच्या बऱ्याच चेनींत तर नक्कीच, पिनेसोबत एक इवलीशी नळी असते. खरी पकड त्या नळीची असते, आणि पिन निघताच ती गुपचूप घरंगळते. म्हणून हे काम पांढऱ्या कागदावर करा. जोडताना पिन हलक्या दाबाने, काही विरोध न होता आत गेली तर थांबा: नळी राहिलेली आहे. अशी चेन हातातच सुटते.

स्क्रूची चेन असेल तर खाचेत अगदी घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर हवा. स्क्रू हलत नसेल तर त्यात चिकटवणारं द्रव्य लावलेलं असू शकतं. हेअर ड्रायरने कडी थोडी तापवली की ते सैल पडतं. परत बसवताना निळ्या प्रकारच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या अशाच द्रव्याचा, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरतो. लाल प्रकार वापरू नका, तो पुढे स्क्रू उघडू देत नाही.

कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढा, म्हणजे क्लास्प, चेनची उघड-मीट करणारी पकड, मनगटाच्या मधोमध राहतं. विषम कड्या काढायच्या असतील तर जास्तीची कडी 6 च्या बाजूने काढून बघा. क्लास्पच्या कडेला तीन-चार छोटी भोकं असतील तर बारीक फरक तिथे मिटवायचा: आतली स्प्रिंग बार बाहेरून दाबून शेजारच्या भोकात सरकवायची. उकाड्यात मनगट थोडं फुगतं, म्हणून सकाळच्या थंड वेळेला अगदी बेताची बसणारी चेन दुपारी रुतते. क्लास्पखाली करंगळी जाईल एवढी जागा ठेवा आणि क्लास्पची पिन सैल करायच्या बाजूला एक भोक शिल्लक राहील अशी कड्यांची संख्या धरा.