कॅमेऱ्याच्या बारीकसारीक वस्तू: कंपनीच्या नावाचे पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव टिपताना लेन्सचं झाकण हातातून निसटून पाण्यात पडलं, की ते गेलंच. नवं घ्यायला जावं तर कंपनीचं नाव छापलेल्या त्या प्लास्टिकच्या चकतीला काही शे रुपये पडतात. लेन्सच्या तोंडावर बसणारं, आडवा प्रकाश अडवणारं नळकांडं म्हणजे हूड, तो त्याहून महाग, आणि पावसाचं कव्हर तर विचारूच नका. कोकणात या वस्तू हरवतात, खाऱ्या वाऱ्याने खराब होतात, म्हणून खर्च पुन्हा पुन्हा येतो.

खरेदीआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या वस्तूतून प्रकाश किंवा वीज जाते का? जात नसेल तर बिनधास्त स्वस्तातली घ्या. जात असेल तर थांबा. कॅमेऱ्याचं वजन ज्या वस्तूवर पेलायचं आहे तिच्या बाबतीतही थांबा.

आधी माप बघा

लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला वर्तुळाला तिरकी रेघ मारलेली एक खूण असते, तिच्या शेजारी आकडा असतो: ४९, ५२, ५५, ५८, ६७, ७७. हे फिल्टर (लेन्सपुढे फिरवून बसवायची काच) लावायच्या आट्यांचं मिलिमीटरमधलं माप. ५८ मिमीच्या लेन्सला ५८ मिमीचं कुठलंही झाकण बसतं, त्यावर नाव कोणाचं का असेना. घेताना मधून चिमटीत धरायचं झाकण घ्या. नुसतं कडेने दाबायचं झाकण हूड लावल्यावर बोटांना सापडत नाही. दोन घ्या आणि एक बॅगेत टाकून ठेवा.

फ्लॅश बसतो त्या खाचेचं झाकण आणि बॉडीचं झाकण यांनाही हाच न्याय. फक्त बॉडीचं झाकण तुमच्या माउंटचंच (लेन्स अडकवायच्या जागेच्या प्रकाराचंच) हवं.

हूडला नंबर लागतो

हूडला नुसतं माप पुरत नाही, प्रत्येक लेन्सचा हूड वेगळा असतो. कॅननच्या साध्या लेन्सबरोबर तो सहसा येत नाही. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्सला ईएस-६८ लागतो, १८-५५ एसटीएमला ईडब्ल्यू-६३सी. हाच नंबर टाकून शोधलंत की दुसऱ्या कंपन्यांनी त्याच आकाराचे बनवलेले हूड कितीतरी कमी किमतीत दिसतात. पार्सल आलं की लगेच तपासा: हूड फिरवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा, झूम पूर्ण रुंद करा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. कोपरे काळे आले किंवा हूड डुगडुगला तर तो परत पाठवा.

रिमोट घेण्याआधी फोन बघा

तिपाईवर कॅमेरा ठेवून तारकर्लीच्या लाटांचा लांब एक्सपोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो) घ्यायचा, तर बऱ्याचदा दोन सेकंदांचा सेल्फ टायमर पुरतो. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेल्या कॅमेऱ्यांना कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज ही ॲप फुकट मिळतात, त्यांतून फोनच रिमोट होतो.

पावसाचं कव्हर घरी करा

जाड, पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी घ्या. तळाशी हूडपेक्षा किंचित लहान भोक पाडा, ते हूडवर ताणून बसवा आणि वरून रबरबँड लावा. पिशवीच्या उघड्या तोंडातून हात आत जातो. डोळा लावायच्या जागी छोटी चीर देऊन आयकपच्या (तिथल्या रबरी कडेच्या) भोवती दुसरा रबरबँड घाला. शिमग्याच्या पालखीत गुलाल उडतो तेव्हाही हेच कव्हर कामाला येतं.

फिल्टरमध्ये काटकसर नको

वाळू आणि खारे तुषार उडतात तिथे पुढे काच हवीच, पण साध्या काचेचा फिल्टर बंदरावरच्या दिव्यांची पुसट दुहेरी प्रतिबिंबं फोटोत आणतो. दुकानात फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. काचेत ट्यूब पांढरीशुभ्र दिसली तर कोटिंग (प्रतिबिंब कमी करणारा थर) नाही, तो ठेवून द्या. प्रतिबिंब मंद, हिरवट-जांभळं दिसलं तर कोटिंग आहे.

पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) प्रत्येक लेन्सला वेगळा घेऊ नका. सर्वात मोठ्या मापाचा एकच चांगला घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. रिंग स्वस्त असते, मात्र ती लावली की लेन्सचा मूळ हूड बसत नाही. शक्य तर पितळी रिंग घ्या, ॲल्युमिनियमची खाऱ्या हवेत आट्यांत अडकून बसते. अडकलीच तर कडेभोवती रबरबँड गुंडाळा आणि न दाबता फिरवा.

बॅटरी आणि तिपाईची प्लेट

बॅटरीत लिथियम असतं. कंपनीची परवडत नसेल तर नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीची घ्या आणि तिच्यावर आयएस १६०४६ (बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीचा चार्ज काही कॅमेऱ्यांत दिसत नाही, तेवढं धरून चाला. फुगलेली बॅटरी वापरू नका, ती आत अडकते. तिपाईची प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसणारी) धातूची घ्या, प्लास्टिकची नको. तिपाई वाळूत रोवली असेल तर घरी आल्यावर तिचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

वाचलेले पैसे इथे लावा

कोकणात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. काचेवर तिचे जाळीदार धागे एकदा धरले की सफाईचा खर्च वाचवलेल्या सगळ्या पैशांवर पाणी फिरवतो. म्हणून झाकणाला रबरी कडा असलेला हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल एवढं जमवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, फार कोरडंही बरं नाही. चामड्याचं कव्हर आणि कापडी पट्टे डब्याबाहेरच ठेवा, ते ओल धरतात.

सिलिका जेल केशरी दाण्यांचं घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट असतो. ओल शोषून दाणे हिरवे पडले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, ते पुन्हा केशरी होईपर्यंत परता. गरम दाणे लगेच डब्यात टाकू नका, पण उघड्यावरही ठेवू नका. घट्ट झाकणाच्या बरणीत गार करून मग आत ठेवा.