नायट्रो ट्रक अडला, तर स्क्रूला हात शेवटी लावा

नायट्रो आरसी ट्रक, म्हणजे नायट्रोच्या इंधनावर पळणारा छोटा रिमोट-कंट्रोल ट्रक, बंद पडला की हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. पुण्यात तर जास्तच, कारण लुना आणि चेतक वापरलेल्या घरांत टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर आवाजावरून लावायची सवय मुरलेली आहे. कान तयार असणं चांगलंच. पण या छोट्या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी नीडलच्या, म्हणजे कार्बोरेटरमधलं इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या, नसतात. प्लग, इंधन, फिल्टर आणि हवेची गळती एवढं तपासून झाल्यावरच नीडलकडे वळा, आणि वळलात तर रिचकडून (इंधन जास्त) लीनकडे (इंधन कमी) या. उलट दिशेने येणाऱ्याचा पिस्टन जातो.

कारण समजून घ्या. या इंधनात मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. ट्रकसाठी २० टक्के नायट्रोचं इंधन सर्रास वापरतात. इंजिनाला वेगळं ऑइल नाही. वंगण इंधनातूनच येतं, आणि मेथनॉलची वाफ होताना इंजिन आतून थंडही राहतं. म्हणजे मिश्रण लीन झालं की इंधन, तेल आणि थंडावा तिन्ही एकदम कमी होतात. रिच इंजिन फक्त सुस्त चालतं आणि धूर ओकतं. लीन इंजिन थोडा वेळ फार छान पळतं आणि मग सीझ होतं, म्हणजे पिस्टन आतच जाम होतो. त्या छान पळण्याला भुलू नका.

सुरूच होत नसेल तर

पहिली तपासणी प्लगची. यात ठिणगी नसते. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक वेटोळी तार असते. इग्नायटर, म्हणजे प्लगला लावायचं बॅटरीचं साधन, तिला तापवतो, आणि इंजिन धरलं की मेथनॉलशी होणाऱ्या अभिक्रियेमुळे ती आपोआप लाल राहते. प्लग काढा, इग्नायटरला लावा आणि सावलीत धरून बघा. तार क्षणात झगझगीत नारिंगी झाली पाहिजे. मंद लाल असेल तर आधी इग्नायटर चार्ज करा, प्लग टाकून देऊ नका. चार्ज उतरलेला इग्नायटर हे ट्रक सुरू न होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. चार्ज करूनही फरक नसेल तर मात्र प्लग बदला.

तो प्लग हातात आहेच, तर नीट न्याहाळा. तार ओलसर, चकचकीत आणि वेटोळी सरळ असतील तर मिश्रण ठीक किंवा जरा रिच आहे. तार राखाडी पडून खरखरीत दिसत असेल, किंवा वेटोळी एकीकडे ओढली गेली असतील, तर इंजिन लीन चाललंय. नवा प्लग लावाल, पण कारण तसंच ठेवलंत तर तोही जाईल.

इंजिन सुरू करायची दोरी ओढताना मध्येच अडली तर जोर लावू नका. आत इंधन भरलंय, म्हणजे इंजिन फ्लड झालंय. द्रव दाबला जात नाही; जोर लावलात तर दोरी तुटेल नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल. इग्नायटर बाजूला ठेवा, प्लग काढा, ट्रक उलटा धरा आणि दोरी चार-पाचदा सावकाश ओढा. इंधन पिचकारीसारखं उडतं, म्हणून तोंड लांब ठेवा. मेथनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. हातमोजे घाला, आणि लहान मुलांना इंधन हाताळू देऊ नका.

प्लग ठीक, इंजिन कोरडं, तरी सुरू होत नाही? मग इंधन कार्बोरेटरपर्यंत पोचतंय का ते नळीत बघा. सायलेन्सरचं तोंड बोटाने क्षणभर झाकून दोरी दोनदा ओढली की इंधन वर चढताना दिसतं. चढलं की थांबा, नाहीतर पुन्हा फ्लड.

इंधन जुनं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मेथनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळाभर अर्धवट झाकण लावून ठेवलेला डबा दसऱ्याला उघडलात, तर त्या इंधनावर ट्यूनिंग करण्यात अर्थ नाही. पेट्रोल तर यात कधीच नाही, आणि घरी मेथनॉल आणून मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका.

चालतं, पण लहरीपणा करतं

एकदा आयडलिंग नीट, पुढच्या वेळी चढलेलं. ब्रेक मारला तरी इंजिन रेस धरून ठेवतं. कालची सेटिंग आज चालत नाही. अशी लक्षणं दिसली की नीडलला हात न लावता हवेची गळती शोधा. गळतीतून जास्तीची हवा आत जाते आणि तुम्ही कितीही स्क्रू फिरवलेत तरी सेटिंग टिकत नाही.

जागा ठरलेल्या आहेत: कार्बोरेटरच्या बुडाची ओ-रिंग, इंजिनाची मागची प्लेट, एक्झॉस्टच्या जोडाची गॅस्केट, इंधनाच्या नळ्या आणि टाकीचं झाकण. टाकी सुटी काढा, एक नळी बंद करा, दुसरीतून हळूच फुंकर घाला आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी ती पाण्यात बुडवा. झाकणाजवळ बुडबुडे आले तर सील गेलंय. हे महत्त्वाचं, कारण सायलेन्सरमधून येणाऱ्या दाबामुळेच टाकीतलं इंधन पुढे ढकललं जातं. दाब गळला की इंजिन पूर्ण वेगात लीन होतं. नळ्यांना बारीक चिरा दिसल्या तर सरळ बदला. लहानसहान स्क्रू आणि हत्यारं बोहरी आळीत मिळतात, पण ओ-रिंग आणि गॅस्केट मूळ कंपनीच्याच घ्या.

फिल्टर दर वेळी बघा. आपल्याकडच्या मुरमाड धुळीत कोरडा फोम काही कामाचा नाही. कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावून पिळा, मग बसवा. आत गेलेली धूळ पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) घासते. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, म्हणून थंड इंजिनात पिस्टन वर आला की फ्लायव्हील हाताला घट्ट लागतं. ते तसंच हवं. थंड असतानाच सैल फिरत असेल, आणि इंजिन तापून बंद पडल्यावर गार होईपर्यंत सुरू होत नसेल, तर कॉम्प्रेशन संपलंय. तिथे नीडल काही करू शकत नाही.

आता नीडल

आधी माहितीपुस्तिकेतली फॅक्टरी सेटिंग लावा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की लीन, उलटा फिरवला की रिच. एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढंच, म्हणजे १/१२ फेरी. प्रत्येक बदलानंतर ट्रक एक-दोन फेऱ्या पळवा, मग पुढचा बदल.

ट्रान्समीटर आधी चालू करा, मग ट्रक. दोन्हींच्या बॅटऱ्या भरलेल्या हव्यात. सुटलेला नायट्रो ट्रक टाकी संपेपर्यंत थांबत नाही. पाच-सात मिनिटं चालवून इंजिन तापू द्या. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग खोटं असतं.

सुरुवात हाय-स्पीड नीडलने (पूर्ण वेगाचं इंधन ठरवणारी), कारण सगळं इंधन आधी तिच्यातूनच जातं. ती हलली की कमी वेगाची सेटिंगही बदलते. इंजिन मुद्दाम रिच करा. दाट धूर, जड आवाज, पूर्ण थ्रॉटलला अडखळणं दिसलं पाहिजे. तिथून एकेका तासाएवढं फिरवत लीन करत या. आवाज मोकळा झाला, ट्रक जोरात खेचू लागला आणि मागे पांढरट धुराची रेषा अजून दिसतेय, तिथे थांबा. धुराची रेषा गेली तर तुम्ही पुढे गेलात; लगेच नीडल दोन तासांएवढी मागे फिरवा.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर प्लगच्या बुडाशी मोजा. साधारण १०५ ते १२० अंश सेल्सियस ठीक. १३० ओलांडलं तर इंजिन बंद करा. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका: तीन-चार सेकंद चरचरून उडाला तर बरं, पडताक्षणी उडाला तर फार गरम, नुसताच बसून राहिला तर रिच.

मग लो-स्पीड नीडल (कमी वेगाचं इंधन ठरवणारी). ट्रक दहा सेकंद आयडलवर ठेवा आणि कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. आवाज किंचित चढून दोन ते चार सेकंदांत इंजिन विझलं तर सेटिंग बरोबर. लगेच विझलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच. हीच खूण थ्रॉटलवरही पटते: एकदम दाबल्यावर धूर सोडत घुसमटलं तर रिच, धुराविना दचकून बंद पडलं तर लीन. आयडल स्क्रू शेवटी. इंजिन चालू राहील पण क्लच धरणार नाही, इतकंच ठेवा.

नवं इंजिन असेल तर पहिल्या चार-पाच टाक्या रिचच चालवा. तिथे घाई नको.

पुण्याची हवा आणि घाट

थंड हवा दाट असते, तीत ऑक्सिजन जास्त. पुण्यात जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी ३० च्या आसपास असतं. सकाळी लावलेलं इंजिन दुपारी जरा रिच वाटेल, त्याने काही बिघडत नाही. पण दुपारच्या उन्हात काठावर लावलेलं इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच पळवलंत तर ते लीन चालेल. म्हणून थंडीत सकाळी सुरू करण्याआधी हाय-स्पीड नीडल एक-दोन तासांएवढी (१/१२ ते २/१२ फेरी) उघडा. उंचीचंही तेच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे लावलेला ट्रक अलिबागच्या किनाऱ्यावर नेलात तर आधी रिच करा, मग तिथे नव्याने लावा. इंधनाचा डबा स्वतःच्या गाडीतून न्या. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास बंदी आहे.

आवाज आणि वास दोन्ही उग्र, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. वेताळ टेकडी आणि तळजाईही सोडा. तिथे लोक फिरतात, आणि उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं. शहराबाहेर, मालकाची परवानगी असलेलं मोकळं माळरान बघा.

खेळून झालं की टाकी रिकामी करा आणि उरलेलं इंधन इंजिन बंद पडेपर्यंत जाळून टाका. गार झाल्यावर प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे (चालवून झाल्यावर घालायचं गंजरोधक तेल) काही थेंब सोडा, इग्नायटर न लावता दोरी थोडी ओढा आणि प्लग परत बसवा. जून ते सप्टेंबरमध्ये हे चुकलं तर बेअरिंग गंजते. शेवटी फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. वर अडकून राहिला तर पुढच्या वेळी दोरी हलणार नाही.