कोकणातलं चार महिन्यांचं बिऱ्हाड: आधी विहीर, मग सामान

निवृत्तीनंतर दिवाळी ते शिमगा कोकणातल्या घरी राहायचं ठरवलं की पुण्यात जो तो सामानाची यादी हातात देतो. सामानाचं काय, दापोलीत आणि गुहागरात सगळं मिळतं. शिमग्यापासून बंद असलेल्या घरात पहिल्या दिवशी अडतं ते पाणी. विहीर आणि मोटार मार्गी लागली की बाकीचं घर दोन दिवसांत लागतं. ती लागली नाही, तर आठव्या दिवशी परतीची भाषा सुरू होते.

पुण्यातली निरवानिरव लवकर होते: गॅसचा रेग्युलेटर काढा, फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, किल्ली शेजारी द्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, तो चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून निघण्यापूर्वीच देऊन टाका; गावात रेंजच्या भरवशावर राहू नका. औषधं तीन महिन्यांची घ्या, पण गोळ्या पाकिटातच ठेवा. आठवड्याच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या समुद्राकाठच्या दमट हवेत मऊ पडतात.

एक खरेदी मात्र पुण्यातच करा. बोहरी आळीतून एक पितळी फुटवॉल (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप), टेफ्लॉन टेपची दोन रिळं आणि मोटारीच्या मापाचा कंडेन्सर (मोटार सुरू व्हायला जोर देणारा भाग) घ्या. फुटवॉल सक्शन पाइपाच्या मापाचा लागतो, एक इंची की सव्वा इंची हे आधी गावाहून विचारून घ्या. या तीन वस्तूंसाठी गावात दोन दिवस खोळंबण्यात अर्थ नाही.

ताम्हिणीतून माणगाव, मंडणगड करत दापोलीला जाणार असाल तर पहाटे निघा आणि दुपारी एकच्या आत पोचा. बंद घर अंधारात उघडू नये. पायात बूट, हातात बॅटरी आणि काठी. पडवीतला लाकडांचा ढीग, चिऱ्यांची रास, परसातल्या झावळ्या हातानं उचलू नका. फुरसं हा विषारी साप अशाच ठिकाणी असतो आणि तो सहजी दिसत नाही. चावलाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

आता मोटार. घाईत सगळे बटण दाबतात आणि इथेच नुकसान करून घेतात.

मेन स्विच बंद ठेवूनच स्टार्टरचा डबा उघडा. आत मुंग्यांचं वारूळ, मेलेली पाल किंवा कुंभारीण माशीनं बांधलेली मातीची घरटी सापडतात. ती कोरड्या ब्रशनं काढा. मग मोटारीच्या मागचं पंख्याचं झाकण उघडा आणि पंखा हातानं फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. खाऱ्या हवेत इतक्या महिन्यांत आतला इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) गंजून चिकटतो, आणि अशा मोटारीला वीज दिली की ती नुसती घुं घुं करते आणि काही मिनिटांत वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. पंखा अडला असेल तर दोन्ही बाजूंना थोडा थोडा हलवत मोकळा करा. हातोडी मारायची नाही. मोकळा झाला नाही तर मेकॅनिक बोलवा. हातानं फिरतो पण वीज दिल्यावर घुं करतो, तर कंडेन्सर गेला असं समजा.

पाऊस लागलेल्या मोटारीच्या वाइंडिंगमध्ये ओल राहते आणि करंट बाहेरच्या लोखंडात उतरतो. वायरमनकडून मेगरनं (वीज गळते का ते दाखवणाऱ्या मीटरनं) तपासून घेतल्याशिवाय ओल्या पायानं मोटारीजवळ जाऊ नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर इतर कुठलाही खर्च करण्याआधी तो बसवा.

मग पंप भरायचा. वरचं बूच उघडा, तांब्यानं पाणी ओतत राहा, बुडबुडे थांबून पाणी काठाशी येईपर्यंत. इथे पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं कुणी थांबत नाही. पातळी तशीच राहिली तर फुटवॉल ठीक आहे. खाली गेली तर फुटवॉल गळतो, बहुतेकदा झडपेत पान किंवा काडी अडकलेली असते. पाइप दोन-चारदा जोरात वरखाली हलवून पाहा, कधी कधी कचरा सुटतो. नाही सुटला तर पाइप वर काढावा लागतो. पाण्यानं भरलेला पाइप जड असतो, तो गावातल्या दोन तरुणांकडून काढून घ्या. साठीनंतर विहिरीच्या कठड्यावर वाकून पाइप ओढू नये. फुटवॉल शाबूत असून पातळी उतरत असेल तर पाइपाच्या जोडांकडे बघा, जिथे थेंब ठिबकतो तिथूनच मोटार हवा ओढते.

पातळी टिकली की बूच घट्ट करा आणि मोटार सुरू करा. एका मिनिटात पाणी आलं नाही तर बंद. कोरडी चाललेली मोटार मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) जाळते आणि मग मोटार आणि पंपाच्या मधून कायमची गळती लागते.

पाणी आलं म्हणजे ते पिण्यालायक झालं असं नाही. पावसाळ्यात विहिरीत पानं, शेवाळ, बेडूक, उंदीर सगळं पडतं. मेलेलं जनावर निघालं तर विहीर उपसून गाळ काढून घ्यावा लागतो. ते काम नेहमी करणाऱ्या माणसांचं आहे, स्वतः विहिरीत उतरू नका. खाली हवा कोंडलेली असते आणि माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो.

ब्लीचिंग पावडरीचं माप डोळ्यानं घेऊ नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ३.१४ नं, आणि चारनं भागा. आलेल्या आकड्याला हजारानं गुणलं की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. उघडी राहिलेली जुनी पावडर वापरू नका, तिचा क्लोरीन उडालेला असतो. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडा आणि वरखाली करत मिसळा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, त्यानं पाणी जड होतं. हे संध्याकाळचा उपसा संपल्यावर करा म्हणजे पावडरीला रात्रभर वेळ मिळतो; निदान एक तास तरी हवाच.

समुद्राजवळच्या विहिरीतून दिवसभर उपसा करू नका, खारं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. टाकी भरली की मोटार बंद. चहाची चव बदलली तर उपसा लगेच कमी करा.

गाद्यांना ऊन द्या, कुलपांना ग्रीस लावा, तांदळात कडुनिंबाचा पाला घाला. एवढ्यात घर लागतं.

शिमगा झाला की परतताना पंपाचं खालचं बूच उघडून सगळं पाणी काढा, पंखा हातानं फिरवत शाफ्टवर तेल सोडा, मोटारीवर प्लॅस्टिक न गुंडाळता वर पत्रा टाका. प्लॅस्टिकात ओल कोंडते. काढलेलं बूच दोऱ्यानं मोटारीलाच बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या नोव्हेंबरात पहिले दोन तास ते शोधण्यात जातात.